छोट्या गावाच्या शाळेला बास्केटबॉलचा कोच निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण इंडियानातलं एक छोटं गाव, हायस्कूलमध्ये जेमतेम साडेतीनशे विद्यार्थी. मुलांच्या बास्केटबॉल टीमचे सहा वर्षांत चार कोच झाले, आता पाचवा शोधायचाय. निवड समितीत पालक म्हणून एका मराठी ताईंचं नाव घातलंय. ताई डॉक्टर आहेत, मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, आणि बास्केटबॉलशी त्यांचा संबंध शाळेतल्या पी.टी.च्या तासापुरता. त्या विचारतात, बारा मैलांवरचं तेवढंच गाव दरवर्षी जिंकतं आणि आम्ही हरतो. त्यांच्याकडे असं काय आहे? आणि मुलाखतीत विचारायचं काय?

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पुण्याचा. कॉलेज संपेपर्यंत डेक्कन जिमखान्याच्या बास्केटबॉल कोर्टवर पडीक असायचो. नोकरीनिमित्त इंडियानातल्याच कोलंबसला आलो. कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्यातले बरेचसे मेकॅनिकलवाले कधी ना कधी या गावी येऊन जातातच. मग शेजारच्या काउंटीतल्या एका शाळेत सतरा वर्षं असिस्टंट कोच होतो. तिथे हायस्कूलला तीनशेच्या आसपास विद्यार्थी. हेड कोच मी कधीच झालो नाही. पण त्यामुळे बाकावर शेजारी बसून तीन हेड कोच जवळून पाहिले: एक प्रेमळ, एक हुशार आणि एक टिकलेला.

आता हिशेब. साडेतीनशेतले निम्मे मुलगे धरले तर पावणेदोनशे. नववी ते बारावी असे चार वर्ग, म्हणजे एका वर्गात चव्वेचाळीस मुलगे. त्यांतले कित्येक बँडमध्ये, कुस्तीत, घरच्या शेतीत, जुन्या गाड्या खोलण्यात, नाहीतर कशातच नाहीत. बास्केटबॉलची खरी आवड असलेले एका वर्गात आठ-दहा. व्हर्सिटी (शाळेची मुख्य टीम) आणि जेव्ही (तिच्या खालची) अशा दोन टीम चालवायच्या तर वीस-बावीस मुलं लागतात, नववीची वेगळी टीम हवी असेल तर तीस. म्हणजे आवड असलेली जवळजवळ सगळी मुलं शेवटपर्यंत राहिली तरच गाडा चालतो. इंडियानापोलिसजवळच्या कार्मेल हायस्कूलमध्ये पाच हजारांवर विद्यार्थी आहेत. तिथे एक मुलगा गेला तर त्याच्या जागी पाच उभे असतात. तुमच्या गावात पाचवीतला एक लांबुडका मुलगा कंटाळून घरी बसला, तर सहा-सात वर्षांनी तुमचा सेंटरच, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच गडीच, घरी बसलेला असतो. छोट्या शाळेला मुलं टिकवावी लागतात; निवडायला ती असतातच कुठे?

हे मला उशिरा कळलं, आणि एका मुलाचं नुकसान करून कळलं. माझ्या तिसऱ्या वर्षी सातवीच्या टीमसाठी एकवीस मुलं आली. जर्सी होत्या पंधरा. हुशार कोचने सांगितलं, सहा कमी कर. मी केली, आणि यादी जिमच्या दारावर चिकटवली. कमी केलेल्यांत एक गोलमटोल, चष्मेवाला, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणारा मुलगा होता. अकरावीत तो सहा फूट चार इंच झाला. घरच्या प्रत्येक मॅचला यायचा, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला! आमचा त्या वर्षीचा सेंटर पाच फूट अकरा. हुशार कोच तोवर मोठ्या शाळेत निघून गेला होता. नवा कोच टाइम-आउटला बँड सुरू झाला की एकदा त्या ट्रॉम्बोनकडे बघायचा आणि एकदा माझ्याकडे. सहा जर्सी जास्त घेतल्या असत्या तर काही शे डॉलरचा प्रश्न होता.

हा नवा कोच म्हणजेच तो टिकलेला. त्याने पहिल्याच पालकसभेत सांगितलं की आठवीपर्यंत कुणालाही काढायचं नाही. मुलं जास्त झाली तर दोन टीम करू, तीन करू.

तुमच्या शेजारच्या गावात काय आहे ते मला न बघताही साधारण सांगता येईल. डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी आठ वाजता तिथल्या प्राथमिक शाळेच्या जिममध्ये जा. बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ असेल. आत कुणीतरी भिंतीजवळचा दांडा फिरवून दहा फुटांवरची रिंग आठ फुटांवर आणत असेल. तिसरी-चौथीची तीस-चाळीस पोरं, हातात लहान आकाराचे बॉल, निम्म्यांच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या. जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या. प्रत्येक घोळक्यात व्हर्सिटीचा एकेक मुलगा, आदल्या रात्रीच्या मॅचमुळे डोळ्यांवर झोप. काल वीस पॉइंट करणारा मुलगा आज गुडघ्यावर बसून एका आठ वर्षांच्या पोराची नाडी बांधतोय. ते पोर पुढच्या शुक्रवारी आईबापांना ओढत मॅचला आणतं आणि बाकाच्या मागे जागा धरतं. आणि मध्यभागी, शिट्टी गळ्यात पण फारशी न वाजवता, हायस्कूलचा हेड कोच स्वतः उभा असतो. त्याने माणूस पाठवलेला नसतो, तो स्वतः येतो.

या शनिवारांतून आणखी एक गोष्ट होते. मुलांच्या कानावर तेच शब्द पडत राहतात. आमचा कोच तिसरीतल्या मुलाला ‘जंप स्टॉप’ जसा सांगायचा, तसाच बारावीतल्याला सांगायचा. दोन्ही पाय एकदम टेकव, ढुंगण खाली, बॉल हनुवटीखाली. मुलगा व्हर्सिटीत पोचतो तेव्हा सात वर्षं तेच ऐकून आलेला असतो. त्याला नव्याने भाषा शिकवावी लागत नाही. दर दीड वर्षाला कोच बदलला की भाषाही बदलते. तुमच्या आत्ताच्या बारावीतल्या मुलांनी डिफेन्सच्या चार तऱ्हा शिकल्या असतील आणि एकही धड येत नसेल. यात मुलांचा काय दोष?

आमच्याकडे शनिवारी स्कोअरबोर्ड बंद असायचा. एका आजोबांनी तो दोनदा लावला, तेव्हापासून त्याचा कंट्रोलर कोच खिशात घालून घरी न्यायला लागला.

आता मायलनबद्दल बोललंच पाहिजे, कारण समितीत कुणीतरी ते नाव काढणारच. १९५४ साली मायलन हायस्कूलने, एकूण विद्यार्थी १६१, अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवून इंडियानाचं राज्य विजेतेपद जिंकलं. तेव्हा लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळायच्या. मन्सीने त्याआधी चारदा ते पद घेतलेलं होतं. बॉबी प्लम्पने शेवटच्या क्षणी टाकलेला तो शॉट इथल्या आजोबांना कालच पाहिल्यासारखा आठवतो. चौथ्या क्वार्टरमध्ये तो चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल हातात धरून नुसता उभा होता, हेही ते सांगतात; तेव्हा शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत बॉल टाकायचं बंधन) नव्हतं, आणि मोठ्या टीमला खेळूच न देणं ही छोट्या टीमची रीतसर युक्ती होती. बटलर विद्यापीठाच्या ज्या फील्डहाउसमध्ये हे झालं तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उगाचच चप्पल बाहेर काढावीशी वाटली.

पण लोक शॉट सांगतात आणि त्याच्या आधीचं गाळतात. त्या टीममधली चार मुलं पियर्सव्हिल नावाच्या वाडीसारख्या वस्तीतली, लहानपणापासून एकत्र खेळलेली. कोच मार्विन वुड अवघा सव्वीस वर्षांचा होता, पण बटलरला तिथले नावाजलेले कोच टोनी हिंकल यांच्या हाताखाली खेळून आलेला. म्हणजे त्याच्याजवळ एक पक्की पद्धत होती, रोज नवीन खूळ नव्हतं. आणि आदल्या वर्षी, १९५३ साली, हीच मुलं राज्याच्या शेवटच्या चारांत जाऊन हरली होती. चमत्कार म्हणतात त्याला निदान दहा वर्षांची तालीम होती. वुडच्या आधीच्या कोचने यांतल्या मुलांना व्हर्सिटीत आणलं होतं. त्याला परवानगीशिवाय नवे युनिफॉर्म मागवले म्हणून घरी पाठवलं. जर्सीवरून कोच घालवायची परंपरा या राज्यात जुनी आहे!

सातत्याचं उदाहरण हवं असेल तर लूगूटीचं घ्या. अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं गाव. जॅक बुचर याच शाळेत शिकला, १९५७ साली तिथेच कोच झाला आणि २००२ पर्यंत राहिला. ८०६ विजय. ज्यांच्या बापांना शिकवलं त्यांच्या मुलांना शिकवलं. असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही, हे कबूल. पण समितीने निदान आठ-दहा वर्षांचा विचार करणारा शोधावा. दोन वर्षांत सेक्शनल (राज्य स्पर्धेची आसपासच्या शाळांमधली पहिली पायरी) जिंकून देतो म्हणणारा उमेदवार आला की मला आमचा हुशार कोच आठवतो. त्याने खरंच जिंकून दिलं होतं. मग तो गेला, आणि खाली पाचवी-सहावीत काहीच उरलं नव्हतं. पुढची पाच वर्षं आम्ही ती जिंकलेली ट्रॉफी पुसत बसलो.

हे सगळं फक्त इंडियानातच होतं असं मात्र समजू नका. आम्ही पुण्याची पोरं मुंबईला खेळायला जायचो तेव्हा नागपाड्याच्या टीमची धास्ती असायची. अख्खं नागपाडा म्हणजे चार-दोन गल्ल्या, पण तिथल्या कोर्टाने देशाच्या टीमला किती खेळाडू दिले! अर्जुन पुरस्कार मिळालेला अब्बास मुंतसिर तिथलाच. कारण साधं होतं. कोर्ट घरांच्या मध्ये, लहान पोरं कठड्यावर बसून मोठ्यांचा खेळ बघणार, मोठे थकले की बॉल यांच्या हातात येणार. मजा म्हणजे तिथलं नेबरहूड हाउस हे वस्तीकेंद्र १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी सुरू केलेलं. म्हणजे ही देवघेव आपल्या ओळखीचीच आहे.

खेळाच्या पद्धतीबद्दल फार खोलात नको, पण एवढं लक्षात ठेवा की छोट्या शाळेला उंची देव देईल तेव्हा मिळते. एका वर्षी सहा फूट पाचचे दोन भाऊ येतात, पुढची तीन वर्षं सगळे पाच फूट दहा. तेव्हा उंचीवर बेतलेली पद्धत चालत नाही. प्रत्येकाला दोन्ही हातांनी ड्रिबल यावं, प्रत्येकाला पास यावा, आणि प्रत्येकाला आपल्यासमोरच्या माणसाला अडवता यावं. उमेदवाराला विचारा, चौथी-पाचवीला झोन डिफेन्स खेळवणार का? झोनमध्ये पोरं रिंगभोवती गर्दी करून उभी राहतात. दहा वर्षांच्या मुलाला लांबून बॉल टाकायची ताकद नसते, त्यामुळे पाचवीत झोन खेळणारी टीम ट्रॉफ्या आणते आणि आईबाप खूश होतात. नववीत समोरचे लांबून टाकायला लागतात, आणि आपल्या मुलांना माणूस अडवणं कधी शिकवलेलंच नसतं. जो कोच ‘पाचवीत हरलो तरी चालेल, मॅन-टू-मॅनच’ असं पालकांसमोर म्हणू शकतो, त्याच्या नावापुढे खूण करा. पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे समोरच्यांना जागोजागी गाठून दबाव, लावीन म्हणणाऱ्याला विचारा, त्यासाठी दमदार अशी नऊ-दहा मुलं लागतात, ती कुठून आणणार?

दुसरा मुद्दा फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा. तुम्हाला तो बाहेरचा वाटेल, पण छोट्या शाळा इथेच बुडतात. मोठ्या शाळेत बास्केटबॉलवाले वेगळे, फुटबॉलवाले वेगळे. तुमच्याकडे शरदात फुटबॉल किंवा क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल नाहीतर ट्रॅक, आणि सगळीकडे तीच पंधरा-वीस पोरं. बास्केटबॉलच्या कोचने सप्टेंबरात म्हटलं की फुटबॉल सोड, नाहीतर माझ्या टीममध्ये जागा नाही, तर पंधरांतली पाच तो गमावतो आणि फुटबॉलचा कोच जन्माचा वैरी होतो. आमचा टिकलेला कोच शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानात कडेला अंतर मोजायची साखळी धरून उभा असायचा. थंडीत, फुकट. सगळ्या पोरांना तो दिसायचा. जूनमध्ये तीनही कोच एका टेबलावर बसून सुट्टीचं वेळापत्रक करायचे: अमुक वार तुझे, अमुक माझे, वजनं सगळ्यांनी एकत्र मारायची, आणि ४ जुलैच्या आठवड्यात राज्य संघटनेच्या नियमाप्रमाणे सगळं बंद. तो आठवडा पोरं नदीवर.

प्रवासी क्लब टीमचंही तसंच. गावातला सगळ्यात चांगला मुलगा वसंतात इंडियानापोलिसच्या क्लबकडून खेळायला जाणार. त्यावर चिडणारा कोच नको. जाऊ दे, खेळू दे, परत आला की शनिवारी तिसरीच्या मुलांसमोर उभा कर.

पालकांबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण तुम्ही त्यांच्यातल्याच. छोट्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी असतो. बाकावर बसलेल्या मुलाचा मामा स्कूल बोर्डावर असतो, आत्या शाळेच्या ऑफिसात. सहा वर्षांत चार कोच गेले असतील, तर माझा अंदाज आहे की निदान दोन अशा मामांमुळे गेले. समितीच्या पहिल्या बैठकीत हाच प्रश्न विचारा: ते चौघं का गेले? लोक छताकडे बघायला लागले तर उत्तर मिळालं. चांगला कोच पहिल्या सभेत नियम सांगून टाकतो: मॅचनंतर चोवीस तास माझ्याशी बोलू नका, तुमच्या मुलाला जास्त खेळायला मिळावं म्हणून त्याने काय करायला हवं ते मी सांगेन, दुसऱ्याच्या मुलाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण हे नियम तो एकटा पाळू शकत नाही. प्रिन्सिपॉल आणि सुपरिंटेंडेंट यांनी मामाला दारातून परत पाठवायला हवं. ते पाठवणार नसतील, तर लूगूटीचा बुचर आणून बसवला तरी तुमच्याकडे तो दोन वर्षं टिकणार नाही.

पैशाचं सांगायचं तर कोचिंगचा भत्ता तासांवर भागला तर बर्गरच्या दुकानातल्या पोराला जास्त मिळतं. म्हणून नुसता कोच शोधू नका, त्याच्यासाठी शिकवायची जागा आहे का ते आधी बघा. गणित, पी.टी., काहीही. चाळीस मैलांवरून साडेतीनला येऊन सहाला जाणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत पोरांच्या टेबलाशी बसू शकत नाही, आणि कुणाचा बाप परवा घर सोडून गेला हे त्याला कळत नाही. बाकी खर्च बूस्टर क्लब (टीमसाठी पैसे जमवणारं पालकांचं मंडळ) पॉपकॉर्न आणि नाचोजवर काढतो. त्याची काळजी नको. जिम मोठं हवं असंही नाही. न्यू कॅसलचं हायस्कूल जिम आठ हजारांहून जास्त माणसांचं आहे, बघून डोळे फिरतात. पण छोट्या शाळेचं नशीब काही खुर्च्यांवर ठरत नाही.

तुमची मुलगी चौथीत आहे म्हणून एक कान टोचून ठेवतो. मुलींची राज्य स्पर्धा इथे १९७६ पासून आहे, पण एकच जिम असलेल्या शाळेत साडेतीनची वेळ कुणाला आणि रात्री साडेसातची कुणाला, यावर अजून रुसवेफुगवे होतात. उमेदवाराला विचारा, जिमची वाटणी कशी करशील? ‘आलटून पालटून, एक आठवडा त्या, एक आठवडा आम्ही’ हे उत्तर त्याच्या तोंडून लगेच आलं पाहिजे. आणि शनिवारी सकाळी मुली वेगळ्या काढू नका. तिसरी-चौथीत निम्म्या मुली मुलांना सहज मागे टाकतात, टाकू देत.

यश कशाला म्हणायचं हेही समितीत ठरवून घ्या. १९९७-९८ पासून इंडियानात विद्यार्थिसंख्येवरून शाळांचे चार गट झाले, प्रत्येकाची स्पर्धा वेगळी. म्हातारी माणसं अजून त्यावर हळहळतात, मायलन आता पुन्हा होणार नाही म्हणतात. खरं आहे. पण सेक्शनल आहेच, आणि छोट्या गावाला तोच सण. आम्ही एकदा जिंकलो तेव्हा रात्री अकराला काउंटीच्या हद्दीवर आगीचा बंब आमच्या बसची वाट बघत उभा होता. तो पुढे, दिवे फिरवत, आम्ही मागे, चौकाला तीन फेऱ्या. दुकानदार पायजम्यावर बाहेर आले होते. जिंकल्यावर रिंगची जाळी कापून घ्यायची इथे रीत आहे; एका पोराच्या गळ्यात त्या जाळीचा तुकडा होता. बाराव्या नंबरचा खेळाडू, त्या दिवशी कोर्टवर एक मिनिटही न उतरलेला. कोचने जाळीची शेवटची गाठ त्याला कापायला दिली होती.

मुलाखतीसाठी माझे प्रश्न तीनच. शनिवारी सकाळी तुम्ही कुठे असाल? आमच्या फुटबॉलच्या कोचला भेटलात का? (नसेल भेटला, तर मुलाखतीला येण्याआधी त्याने गृहपाठ केलेला नाही.) आणि सातवीत एकवीस मुलं आली आणि जर्सी पंधरा असतील तर काय कराल?

त्याआधी एका शुक्रवारी शेजारच्या गावची मॅच बघून या. व्हर्सिटीची साडेसातची नको, त्याआधीची सहाची जेव्हीची बघा. त्यांच्या बाकामागच्या पहिल्या दोन रांगांत तिसरी-चौथीची किती पोरं बसली आहेत ते मोजा, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या जिममध्ये त्याच दोन रांगा मोजा. मुलाला बरोबर न्या. सातवीत आहे म्हणालात ना? उंची किती आहे त्याची?